पांढऱ्या शर्टावर तांबड्या रश्श्याचा डाग: वडी लावली की लाल का होतो, आणि पावसाळ्यात ऊन नसताना काढायचा कसा?

रंकाळावेस

नमस्कार मंडळी. घरात पांढरे कपडे दोन तऱ्हेचे आहेत. सासऱ्यांचे सुती नेहरू शर्ट आणि मुलाचे शाळेचे टेरिकॉटचे शर्ट. रविवारी तांबडा रस्सा झाला की दोन्हींवर शिंतोडे ठरलेलेच. डागावर कपड्याची वडी घासली की केशरी डाग एकदम लालभडक होतो, खळबळून वाळवला की परत पिवळा. उन्हाळ्यात दोन-तीन दिवस कडक उन्हात टाकला की जातो, पण जुलै-ऑगस्टात कोल्हापुरात ऊन कुठून आणायचं?

विचारायचं आहे ते असं. वडीनं तो लाल का होतो, आणि त्यानं डाग कायमचा पक्का होतो का? लिंबू-मीठ, खायचा सोडा आणि व्हिनेगर, टूथपेस्ट यातलं खरोखर काय चालतं? ऊन नसेल तेव्हा काय करायचं? टेरिकॉटला वेगळी पद्धत लागते का? पाणी सकाळी नळाचं असतं, दुपारनंतर बोअरचं.

इचलकरंजी_प्रोसेस

ताई, आधी लाल रंगाचं. तो हळदीचा गुण आहे. हळदीला चुन्याचं पाणी लावलं की ती लाल होते, तेच इथं घडतं. कपड्याच्या वडीत धुण्याचा सोडा असतो, म्हणजे ती क्षारीय. क्षार लागला की हळद लाल, क्षार निघून गेला किंवा लिंबू लागलं की परत पिवळी. लाल झाल्यानं डाग पक्का होत नाही, घाबरू नका. पण एक लक्षात घ्या, लिंबू लावल्यावर लाल गेला म्हणजे डाग गेला असंही नाही. फक्त रंग फिरला, हळद आहे तिथंच आहे.

तांबड्या रश्श्याचा डाग हा एक डाग नसतो. त्यात मटणाची चरबी आणि तेल, त्यात विरघळलेला मिरचीचा तांबडा रंग, हळद आणि थोडा मसाल्याचा गाळ असतो. मिरचीचा रंग पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. हळदही तशीच. म्हणून जोवर तेल कपड्यात आहे तोवर रंग त्या तेलाला धरून बसतो, आणि वरून कितीही ब्लीच ओता, ते तेलाच्या थराखाली पोचतच नाही. आधी तेल, मग रंग. हा क्रम उलटा झाला की दोन्ही अर्धवट राहतात.

तेल काढायला वडी नको, भांडी घासायचं लिक्विड घ्या. भांड्याची वडीसुद्धा नको, तीही क्षारीय असते. सांडल्या सांडल्या चमच्याच्या कडेनं गाळ उचला, जुन्या सुती फडक्यानं वरून दाबून टिपा. घासू नका, घासलं की डाग पसरतो आणि धाग्यात खोल जातो. आता महत्त्वाचं: लिक्विड कोरड्या कपड्यावर लावायचं. बहुतेक जण आधी कपडा नळाखाली धरतात. धाग्यात पाणी भरलं की लिक्विडला आत शिरायला जागा राहत नाही, वर वर पातळ होऊन वाहून जातं. तळहाताएवढ्या डागाला एक छोटा चमचा लिक्विड पुरतं. बोटांनी थोपटून दोन्ही बाजूंनी मुरवा, 15 मिनिटं ठेवा.

मग कोमट पाणी, साधारण 40-45 अंश. थर्मामीटर नसेल तर एक तांब्या उकळतं आणि तीन तांबे नळाचं पाणी एकत्र करा, तेवढं होतं. मटणाची चरबी गार पाण्यात गोठते, म्हणून गार पाण्यात कितीही चुबकलं तरी ती सुटत नाही. पाणी डागाच्या उलट्या बाजूनं ओता, म्हणजे आलेली घाण आल्या वाटेनं बाहेर पडते. लागलं तर लिक्विड दुसऱ्यांदा लावा, पण त्या वेळी कपडा आधी घट्ट पिळून घ्या.

इथवर आलात की डाग फिका पिवळा उरतो, चिकटपणा जातो. तो उरलेला पिवळा म्हणजे हळद. तिच्यासाठी ऊन किंवा ऑक्सिजन ब्लीच. उन्हानं हळदीचा रेणूच मोडतो, मिरचीचा रंगही उन्हात उडतो, म्हणून तुमचा उन्हाळ्याचा उपाय बरोबरच आहे. पावसाळ्यात तेच काम सोडियम परकार्बोनेट करतं. डाग काढायच्या पावडरी मिळतात त्यातल्या बऱ्याच याच्यावर चालतात. पाकिटाच्या मागं नाव वाचून घ्या. ते पाण्यात पडलं की हायड्रोजन पेरॉक्साइड सोडतं.

सुती पांढऱ्याला प्रमाण: 1 लिटर पाण्याला 1 सपाट मोठा चमचा, साधारण 15 ग्रॅम. पाणी 55-60 अंश, म्हणजे उकळतं आणि नळाचं निम्मं-निम्मं. गार पाण्यात पावडर नीट जागी होत नाही, बहुतेकांची तक्रार इथूनच येते. बादली प्लास्टिकची घ्या. लोखंड किंवा तांब्या-पितळेचा स्पर्श झाला की पेरॉक्साइड कपड्यावर काम करायच्या आधीच फुटून संपतं. कपडा पूर्ण बुडवा, वर ताटली उपडी ठेवून दाबा. जो भाग पाण्यावर तरंगतो तिथं डाग तसाच राहतो. दोन तास ठेवा. सुरुवातीला डाग परत लाल दिसेल, कारण ही पावडरही क्षारीय आहे. दचकून कपडा बाहेर काढू नका. तासाभरात लाल उतरायला लागतो. दोन तासांनी फिका उरला असेल तर तेच पाणी रात्रभर ठेवण्यात अर्थ नाही, ताकद उतरलेली असते. नवीन पाणी, नवीन पावडर.

उरलेलं पाणी बाटलीत भरून झाकण लावून ठेवू नका. त्यातून वायू सुटत राहतो, बाटली फुगून फुटते.

परीटघडी

वरची पद्धत सुती कपड्याला पक्की आहे. टेरिकॉटचं मात्र वेगळं, ते मी लिहितो.

टेरिकॉटमध्ये पॉलिस्टर असतं. पॉलिस्टरला पाणी आवडत नाही, तेल आवडतं. त्यामुळं रश्श्याची तर्री त्याला सुतापेक्षा जास्त चिकटते. आणि गरम केलं की हळद पॉलिस्टरच्या धाग्यात आत शिरते, अगदी रंगवल्यासारखी. म्हणून शाळेच्या शर्टाला 60 अंशाचं पाणी नको. लिक्विड दोनदा लावा, पाणी 40 च्या वर नेऊ नका, आणि परकार्बोनेटही त्याच पाण्यात द्या. वेळ जास्त लागतो, दोनऐवजी चार-पाच तास धरा आणि मध्ये एकदा पाणी बदला.

दोन्ही कपड्यांना लागू असलेली गोष्ट म्हणजे डाग पूर्ण गेल्याशिवाय इस्त्री नाही. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत म्हणून ओलसर शर्टावर इस्त्री फिरवून वाळवतात. डाग कायमचे बसतात ते बहुतेक याच घाईत. पंख्याखाली वाळवा, वेळ लागला तरी चालेल.

तेल गेलं की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. कपडा वाळल्यावर डागाच्या जागी पाण्याचा एक थेंब सोडा, शेजारच्या स्वच्छ जागी दुसरा. सुती कपड्यात स्वच्छ जागी थेंब लगेच पसरतो. डागावरचा थेंब मण्यासारखा उभा राहिला तर तेल अजून आत आहे, रंगाच्या मागं लागू नका, परत लिक्विडकडे या. खळ दिलेल्या कपड्यावर ही परीक्षा फसते, आधी खळ धुऊन काढा.

तांबड्याचं सगळे विचारतात, पण पांढरा रस्सा जास्त दगा देतो. खोबऱ्याचं दूध, खसखस, काजू, मटणाचं पाणी: सगळी स्निग्धता, रंग नाही. सांडला तेव्हा ओला ठिपका दिसतो, वाळला की दिसेनासा होतो, म्हणून कपडा तसाच नेहमीच्या धुण्यात जातो. इस्त्री खाली आली की ठिपका पिवळसर, कडेनं गडद असा वर येतो. जेवताना कुठं सांडलं ते तेव्हाच टाचणी लावून किंवा दोऱ्याचा टाका घालून खूण करून ठेवा आणि धुण्याआधी तेवढ्या जागी लिक्विड लावा.

बोअरच्या पाण्याबद्दल. जड पाण्यात साध्या साबणाचा चुन्याबरोबर साका होतो, तो पांढऱ्या कपड्यावर राखाडी थर धरतो आणि डागालाही झाकून टाकतो. डागाचं काम सकाळच्या नळाच्या पाण्यात करा, बोअरचं पाणी रोजच्या रंगीत धुण्याला वापरा. बोअरशिवाय इलाज नसेल तर साबणाऐवजी डिटर्जंट पावडर घ्या आणि शेवटचं खळबळणं तरी नळाच्या पाण्यात करा.

नीळ डाग झाकते, काढत नाही. पिवळेपणा निघाल्यावरच नीळ द्या. डागासकट निळीत बुडवलेला शर्ट त्या जागी हिरवट दिसतो.

महाद्वार_रोड

छान माहिती. लिंबू-मीठ लावून उन्हात टाकतात ते मग चूक का? आणि दुसरं, जोतिबाच्या यात्रेवरून आलेले पांढरे सदरे गुलालानं माखलेले असतात. भिजवले की गुलाबी पाणी सगळ्या कपड्यांना लागतं. त्याला काय करावं?

इचलकरंजी_प्रोसेस

लिंबू-मीठ चूक नाही, पण ते गंजाच्या डागाचं औषध आहे. हळदीवर त्यातलं लिंबू फक्त रंग फिरवतं, खरं काम ऊन करतं. नुसता ओला कपडा डाग वर करून उन्हात टाकला तरी हळद उडते. आणि लिंबाचं पाणी सुती कपड्यात तसंच वाळू दिलं, वरून इस्त्री केली, की आम्लानं धागा कमजोर होतो आणि पुढच्या धुण्यात नेमकी त्या जागी चीर जाते. रंगीत कपड्यावर लिंबू लावून उन्हात ठेवलं तर तेवढा रंगही उतरतो. लिंबू लावलंत तर खळबळून काढल्याशिवाय वाळवू नका.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतले की फेस येतो, पण त्या फेसात दोघं एकमेकांना मारून टाकतात. एक क्षार, एक आम्ल, उरतं जवळजवळ मिठासारखं पाणी. टूथपेस्टमध्ये खरखरीत पूड असते. ती सुताचे तंतू वर काढते, डाग फिका वाटतो आणि कपडा त्या जागी पिसतो.

आता जे लिहितो ते कृपया घरातल्या सगळ्यांना सांगा. क्लोरीनचं ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, कधीही लिंबू, व्हिनेगर किंवा संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये मिसळू नका, एकामागून एकही त्याच बादलीत वापरू नका. क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीघरात तो फुप्फुसांना गंभीर इजा करतो. हायपोक्लोराइट फक्त पांढऱ्या सुती कपड्याला, तेही बाकी सगळं करून झाल्यावर: 5 लिटर गार पाण्यात 2 मोठे चमचे, 10 मिनिटं, लगेच भरपूर पाण्यात तीन वेळा खळबळा. टेरिकॉटला नको, ताणणाऱ्या कपड्याला नको, रेशीम आणि लोकर यांना तर अजिबात नाही. घामाच्या पिवळ्या डागांवरही नको, ते आणखी पिवळे पडतात.

गुलालाचं तत्त्व रश्श्याच्या उलट आहे. तिथं पाणी हाच शत्रू. बाजारच्या गुलालात पांढरी पूड आणि तिच्यावर चढवलेला रंग असतो. कोरडा आहे तोवर तो धाग्यांच्या वर नुसता बसलेला असतो, पाणी लागलं की रंग सुटून धाग्यात शिरतो. सदरा घरात आणायच्या आधी अंगणात उलटा करून झटका, दोरीवर टाकून काठीनं धोपटा, मऊ कोरड्या ब्रशनं शिवणी, कॉलर आणि खिशाचे कोपरे झाडा. निम्म्याहून जास्त गुलाल इथंच जातो. मग वाहत्या गार पाण्याखाली उलट्या बाजूनं धरा, पाणी गुलाबी येणं कमी होईपर्यंत. बादलीत भिजत घालू नका, कारण सुटलेला रंग त्याच पाण्यातून परत सगळीकडे बसतो. दुसऱ्या कपड्यांबरोबर तर नाहीच. सुती पांढऱ्याला नंतर परकार्बोनेट, वर दिलेल्या प्रमाणात. गरम पाणी त्याच वेळी पहिल्यांदा, त्याआधी नाही.

घामानं भिजलेल्या पाठीवरचा गुलाल मात्र अंगावरच भिजून मुरलेला असतो. तो एका फेरीत जात नाही, दोन-तीन फेऱ्या धरून चाला.

उद्यमनगर_लेथ

कारखान्यातल्या कपड्यांचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. इथं घरटी कोणी ना कोणी फौंड्रीत किंवा मशीनवर असतं.

काळं ग्रीस म्हणजे तेल, काजळी आणि लोखंडाची बारीक पूड. काजळी कशातच विरघळत नाही. ती तेलाबरोबर उचलून काढावी लागते, मागं एकटी राहिली की गेली हाताबाहेर. म्हणून उलटं वाटेल, पण सुकलेल्या ग्रीसवर आधी थोडं खायचं तेल चोळा. जुनं ग्रीस मऊ होऊन सुटं होतं. 10 मिनिटांनी फडक्यानं टिपा, मग कोरड्यावरच भांड्याचं लिक्विड. रॉकेल, पेट्रोल वापरून कपडा वॉशिंग मशीनमध्ये टाकू नका, वाफ पेट घेते. हे काम लिक्विडनं होतं, त्याची गरज नाही.

या कपड्यांना क्लोरीनचं ब्लीच लावलं की धाग्यात अडकलेली लोखंडाची पूड गंजते आणि काळ्याच्या जागी तांबूस ठिपके येतात. आले तर सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूसत्व, किराणा दुकानात मिळतं: एक कप कोमट पाण्यात 2 छोटे चमचे, तेवढा भाग त्यात अर्धा-पाऊण तास बुडवा, मग खूप पाण्यात धुवा. जुन्या गंजाला ऑक्झॅलिक ॲसिड जास्त चालतं, पण ते विषारी आहे. लहान मुलं असलेल्या घरात मी ते सुचवणार नाही.

तालमीच्या लंगोटाची लाल माती हाही याच जातीचा प्रश्न. मातीचा लाल रंग लोखंडाच्या ऑक्साइडचा, म्हणजे आधीच गंजलेला. त्यावर परकार्बोनेट आणि क्लोरीन दोन्ही निकामी. शिवाय आखाड्याच्या मातीत तेल, हळद, ताक, लिंबू घालतात, त्यामुळं ती शेतातल्या मातीपेक्षा चिवट. लंगोट ओला चोळू नका. पूर्ण वाळू द्या, झटका, ब्रशनं माती पाडा. मग लिक्विड, मग कोमट पाण्यात डिटर्जंट. हळद उरली तर परकार्बोनेट, तांबूस छटा उरली तर शेवटी लिंबूसत्व. हे शेवटचे दोन एकाच पाण्यात नकोत, मध्ये कपडा धुऊन घ्या.

रंकाळावेस

सगळ्यांचे मनापासून आभार. वडी आधी आणि लिक्विड नंतर असं चाललं होतं, ते आता उलटं करते. दोन गोष्टी राहिल्या. मुलाच्या खिशाला बॉलपेनची शाई लागते ती, आणि रश्श्याचा डाग रंगीत इरकली साडीवर पडला तर?

परीटघडी

बॉलपेनची शाई तेलासारखीच आहे, पाण्यानं फक्त पसरते. मेडिकलमध्ये सर्जिकल स्पिरिट मिळतं. खिशाच्या आत जुनं फडकं घालून ठेवा, म्हणजे शाई पलीकडच्या थराला लागणार नाही. कापसानं स्पिरिट लावा, कडेकडून मध्याकडे टिपत या, आणि कापूस व खालचं फडकं शाई धरेल तसं बदलत राहा. न बदललेल्या कापसानं तुम्ही तीच शाई परत लावत असता. गॅसजवळ करू नका. जेल पेनच्या बऱ्याच शायांत रंगाचे कण असतात, त्या स्पिरिटला दाद देत नाहीत. तिथं लिक्विड आणि थोडी फिकी छटा सोसणं, एवढंच.

इरकलीचं आधी कापड बघा. सुती असेल तर पदराच्या आतल्या टोकाला लिक्विडचा थेंब लावून 5 मिनिटांनी पांढऱ्या फडक्यानं दाबा. फडक्याला साडीचा रंग लागला तर घरी पुढं जाऊ नका. नाही लागला तर लिक्विड मुरवा, कोमट नाही, साध्या पाण्यानं काढा, आणि पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा. उरलेल्या हळदीला परकार्बोनेट चालणार नाही, साडीचा रंगही जाईल. उन्हातही टाकू नका, त्याच कारणानं. फिकी पिवळी छटा गडद साडीत लपते, तेवढ्यावर थांबणं शहाणपणाचं.

रेशीम असेल, किंवा सुती अंगाला रेशमी पदर असेल, तर पाणी न लावता वरचं तेल टिपून घ्या, टाल्कम पावडर जाडसर पसरून रात्रभर ठेवा, सकाळी मऊ ब्रशनं झाडा आणि ड्राय क्लीनला द्या. देताना डागाला टाका घालून खूण करा आणि "मटणाच्या रश्श्याचा आहे, हळद आहे, पाणी लावलेलं नाही" एवढं सांगा. नुसतं डाग आहे म्हणालात तर तिथं अंदाजानं काहीतरी लावलं जातं, आणि रेशमाला चुकीचं एकदा लागलं की ते परत फिरत नाही.